पश्चात कोण कोण

मित्रांनो, आमच्या नांदूरघाटात कुणी गेलं की पेपरातली निधनवार्ता मीच लिहून देतो. आज सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःचीच लिहायला लावली. उद्या बीडला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन हाय.

"काहीबी काय, अण्णा."

"लिही तू. मला ऐकायचीय."

'पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे,' मी वाचून दाखवलं.

अण्णा म्हणाले, "भाऊ राहिला की."

सिरसाळ्याच्या काकांशी अण्णा बारा वर्षं बोललेले न्हाईत. मी गुपचूप 'भाऊ' लिहिलं.

तवापासून फोन हातात घेऊन बसलोय. अण्णांना न विचारता काकांना आजच बोलावू का? पेपर वाचून आले, तर कुणाशी बोलतील?