गॅस झालाय

९ जानेवारी १९९१, बुधवार. संध्याकाळी कामावरून आले आणि पर्स ठेवायच्या आधी गॅलरीतले कपडे काढायला घेतले. डोंबिवलीत आमच्या बाजूला हे काम लांबणीवर टाकून चालत नसे. कारखान्यांकडून वारा फिरला की चादरींवर पिवळट ठिपके पडत, ते कशानेही निघत नसत. त्या दिवशी थंडीने धूर खालीच बसला होता. घसा खवखवत होता.

खालच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांना मी भाऊजी म्हणायचे, जिन्यातून ओरडले, "वहिनी, गॅस सोडलाय! खिडक्या लावा!"

आमच्याकडे गॅसचे तीन प्रकार. कारखान्याचा, सिलिंडरचा आणि पोटातला.

मी महापालिकेच्या दवाखान्यातर्फे घरोघर फिरून आजारांची चौकशी करायचे. ताप, जुलाब, कावीळ. छातीबद्दल विचारा असं कुणी सांगितलं नव्हतं. वासाच्या दिवशी पुरुषमाणसं छाती चोळत दारात येत. "काही नाही ताई, गॅस झालाय." गॅस काही आमच्या आजारांत बसत नव्हता. मी पुढच्या दारी जाई.

आतल्या खोलीतून आमचे मिस्टर म्हणाले, "अगं, गॅस..."

"ऐकलं. लावते खिडक्या."

सगळ्या लावल्या. तेवढ्यात पुन्हा आवाज, "तो नाही गं. मला झालाय. ओवा दे."

ओव्याची बरणी घेऊन गेले तर ते पलंगाच्या कडेला बसलेले. एवढ्या थंडीत बनियन घामाने चिंब. डावा हात मांडीवर नुसता टाकलेला.

"हाताला काय झालं?"

"भरून आलाय. काल बादल्या उचलल्या ना."

चेहरा राखेसारखा दिसत होता. मी बरणी तिथेच ठेवली आणि भाऊजींना हाक मारली.

ते वर आले. "अहो, सोडा पाजा. ढेकर आला की मोकळे होतील. मलाही सकाळपासून तेच चाललंय."

"ढेकर हॉस्पिटलात देतील. त्या बाजूने धरा."

रिक्षा त्या वासातूनच निघाली. मी पदर त्यांच्या नाकावर धरला. मग श्वास चाललाय का ते कळेना, म्हणून काढला. पुन्हा धरला. रस्ताभर हेच.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम पाहिला. "हार्ट अटॅक आहे. आजची रात्र निघू दे, मग बोलू." मी कुठे काम करते हे कळल्यावर म्हणाले, "हवा अशी कोंदली की छातीचे पेशंट वाढतात, असं मला तरी वाटतं. तुमच्याकडे कुणी मोजतं का?"

"नाही."

"आमच्याकडेही नाही."

बाहेर बाकावर बसले. आत बूट वाजले की मी उठून उभी राहायचे. मला बोलवायलाच येतायत, असं वाटायचं. आणि मधेच भाऊजींचं वाक्य आठवलं. मलाही सकाळपासून तेच.

सकाळी मिस्टरांनी चहा मागितला. नर्सने दिला नाही, पण मागितला. मी त्यांचे कपडे आणायला रिक्षाने घरी आले. वास तसाच होता. वर न जाता आधी खालचं दार वाजवलं.

"कसे आहेत?" भाऊजींनी विचारलं.

"आहेत. तुमचा गॅस?"

"थोडा आहे. जिना चढलो की वर येतो."

"चपला घाला."

आतून त्यांची बायको म्हणाली, "अगं, चहा तरी घेऊ दे त्यांना!"

"आधी कार्डिओग्राम," म्हटलं आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रिक्षा मी सोडलेलीच नव्हती.