जीपीएसची निष्पक्ष चाचणी

आमच्या घरात हरवलेल्या वस्तू सुनंदा, म्हणजे माझी बायको, शोधते. न हरवलेल्या शोधण्याचं काम माझ्याकडे आहे.

सुरुवात आमच्या कन्येनं, मुक्तानं केली. तिनं मला जिओकॅशिंगचं वेड लावलं. कुणीतरी टेकडीवर किंवा रानात एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि बाकीच्यांनी तो हुडकून आतल्या वहीत सही करायची. इतका सुंदर खेळ आपल्याला बावन्नाव्या वर्षी कळावा, याची मला हळहळ वाटली! मोबाइलवर भागतं, असं मुक्ता म्हणत होती. पण लग्नाला कुणी घरातल्या चपला घालून जातं का? मला हातात धरायचा खराखुरा जीपीएसच हवा होता.

शनिवार पेठेतल्या दुकानदारानं दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. पिवळं पाण्यात पडलं तरी चालणारं, काळं एका चार्जिंगवर दोन दिवस टिकणारं. डबा शोधायला कुठलं बरं, असं मी विचारलं.

"डबा ठेवलाय कुठे, ते आठवत नाही का?" त्यानं विचारलं.

मी त्याला खेळ समजावून सांगितला. त्यानं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि सोमवारपर्यंत दोन्ही नेऊन बघा म्हणाला (बहुधा मला लवकर घालवण्यासाठी).

शुक्रवारी सकाळी मी घरात जाहीर केलं की चाचणी निष्पक्ष होईल. "मध्ये कुणी काही सांगायचं नाही. मी चुकताना दिसलो तरी!"

"बरं," सुनंदा म्हणाली.

स्वयंपाकघरात हाताला लागला तो स्टीलचा डबा उचलला, आत वही-पेन्सिल टाकली आणि तळजाई टेकडी गाठली. आता जागा माझ्याच लक्षात राहिली, तर यंत्राची परीक्षा कसली? म्हणून मान खाली घालून चालत गेलो, एका कपारीत डबा सारला, जागा नोंदवायला दोन्ही यंत्रांची बटणं दाबली आणि परतताना ती जागा मन लावून विसरलो. या कामात माझा हातखंडा आहे.

घरी आलो तर सुनंदा म्हणाली, "रविवारी आत्या येतेय. तिचा डबा घासून ठेवायला हवा."

सकाळी मी उचलला होता तो तोच. आत्यांनी लग्नात दिलेला, सुनंदाचं नाव घातलेला डबा! दर खेपेला आत्या त्यातलाच लाडू खायच्या आणि झाकणावरची अक्षरं बोटानं चाचपायच्या. सुनंदाला माहेरचं म्हणावं असं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

शनिवारी उजाडताच मी टेकडीवर. काळं यंत्र म्हणालं, कडुनिंबाखाली. पिवळं म्हणालं, तिथून चाळीस पावलांवर, काटेरी झुडपात. मी दोघांवरही विश्वास ठेवला. दुपारपर्यंत एक सदरा फाटला. फिरायला आलेल्या एका बाईंनी काय हरवलं म्हणून चौकशी केली. डबा म्हटल्यावर त्यांनी तो रिकामा होता की भरलेला, तेही विचारलं.

"कशी चाललीय चाचणी?" संध्याकाळी सुनंदानं विचारलं.

"चढउतार आहेत," मी म्हणालो.

रविवारी पुन्हा टेकडी, पुन्हा काटे. हात हलवत परतलो, तर आत्या येऊन बसलेल्या.

"जावईबापू, माझा डबा दिसत नाही कुठे."

मी खाली बघत सगळं कबूल केलं. कपार, कडुनिंब, उपग्रह, सगळं. सुनंदा आत गेली आणि तिनं डबा आणून आत्यांपुढे ठेवला. लाडवांनी भरलेला! शुक्रवारी संध्याकाळीच टेकडीवर फिरायला जाणारे कुणी आजोबा तो घरी देऊन गेले होते. कारण आत्यांनी त्यावर नावाखाली आमचा सदाशिव पेठेतला अख्खा पत्ता, मजल्यासकट, घालून घेतला होता.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मध्ये कुणी काही सांगायचं नाही, म्हणाला होतात."

आत्यांनी अक्षरं चाचपली आणि मला एक लाडू दिला. दुसरा मागायचं धाडस झालं नाही.

सोमवारी पिवळं परत केलं, काळं ठेवलं. येताना भांड्यांच्या दुकानात थांबून त्याच्या पाठीवर सुनंदाचं नाव आणि पूर्ण पत्ता घालून घेतला. त्यानंतर ते यंत्र दोनदा टेकडीवर हरवलं. दोन्ही वेळा ते माझ्या आधी घरी पोचलं.