सुक्या कचऱ्यातल्या सुया

नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी मी औषधांचं कपाट रिकामं केलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, पाहुणे आपापल्या गावी गेले होते. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, हे माझ्या घरी कधी चुकलं नाही. गोळ्यांची पाकिटं, खोकी, दवाखान्याची फाईल, सगळं सुक्यात टाकलं. इन्सुलिनच्या सुया मी एरवी कोल्ड्रिंकच्या बाटलीत जमवून, झाकण घट्ट लावून वेगळ्या देत असे. त्या दिवशी बाटली भरलेली होती. दुसरी शोधायचा कंटाळा आला. उरलेल्या चार सुया वर्तमानपत्रात गुंडाळून टाकल्या आणि डबा त्याच सकाळी घंटागाडीत दिला. टोपणं नव्हती, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी पुन्हा आली, तेव्हा गाडीवरची बाई बोटाला चिंधी बांधून घरोघर विचारत होती. आदल्या दिवशी शेडमध्ये सुका कचरा निवडताना तिला सुई रुतली होती. पोतं आमच्याच गल्लीचं. दवाखान्यात तिला एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सुई कोणाची ते कळलं तर बरं, त्या माणसाला काय आजार होता त्यावर पुढचं ठरवू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेजारच्या बाईंनी, आमच्याकडे कोणी इंजेक्शनच घेत नाही, असं फाटकाआडूनच सांगून टाकलं. समोरच्यांनी दार उघडलं नाही. खिळे झाले, ब्लेड झालं, तुझी सुईच राहिली होती, म्हणून ड्रायव्हर तिला चिडवत होता. ती हसलीही.

माझ्या फाटकाशी तिने डबे घेतले आणि काहीच विचारलं नाही. मला का नाही विचारत, असं मीच म्हटलं.

"तुमच्या घरी दुःख झालं मॅडम. तुम्हाले कायले तरास देऊ?"

मी गप्प राहिले असते तर ती पुढच्या घरी गेली असती. ते मला स्वच्छ दिसत होतं. लाज, भीती असं काही वाटलं नाही. त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं.

"सुई माझ्याच घरची आहे," मी म्हटलं.

तिने डबा खाली ठेवला. "साहेबाले का बिमारी होती?"

शुगर, मग किडनी. डायलिसिससाठी आम्ही आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला जात होतो. तिथे कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची तपासणी होत असे आणि तो रिपोर्ट फाईलमध्ये होता. फाईल मी कालच तिच्या हातात दिली होती.

"चाला," ती म्हणाली. "कागदाचं पोतं अजून गेलं नसन."

शेड हायवेपलीकडे आहे. हातमोज्यांची एकच जोडी होती. एक तिने घातला, एक मला दिला. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पुन्हा पुठ्ठा. कागदांत चुकून नवऱ्याच्या चष्म्याचं घर निघालं. ते मी प्लास्टिकच्या ढिगावर टाकलं. दुपारी फाईल सापडली. कोणाच्या तरी घरचं वरण तिच्यावर सांडलं होतं, पण रिपोर्ट वाचता येत होता. दोन महिन्यांपूर्वीचा. तिन्ही तपासण्यांसमोर निगेटिव्ह.

तिथून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. काळजी कमी झाली, म्हणाले, पण रिपोर्ट जुना आहे, पोत्यात आणखी कोणाची सुई नव्हती हेही सांगता येत नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

बाहेर आम्ही बाकावर बसलो. तिथे कळलं, घरी तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं आणि तीन महिने सांगणारही नव्हती. मी माफी मागितली. तिने मान हलवली, माफ केलं असं काही म्हणाली नाही.

"उद्यापासून तुमची पिशवी फाटकातच खोलून पाहीन मॅडम. रागावू नोका."

"पाहा," मी म्हटलं.

आता ती रोज माझा सुका कचरा फाटकापाशी काठीने पसरवते, पाहते आणि पुन्हा भरते. शेजारच्या बाई ओट्यावरून बघतात. तिचं पाहून होईपर्यंत मी तिथेच उभी राहते. तपासणीला अजून सहा आठवडे आहेत.