यू आर विन

सुरुवातीलाच माफी मागतो. वार्षिकांकासाठी आठवणीतल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून द्या, असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील नगरपालिकेच्या पाणीखात्यात, नळांना पाणी सोडणारे चावीवाले आहेत. आमच्या घरात लिहिणं म्हणजे रेशनच्या फॉर्मवर सही करणं. बाकीचे विद्यार्थी आपल्या गुरुजनांवर लिहितील, आजोबांवर लिहितील. मी लिहितोय ते व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडीक असलेल्या एका माणसावर. अशा माणसावर लिहावं का, आणि लिहायचंच तर ते मी लिहावं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. दुसरी शंका का, ते पुढे कळेल.

त्याला सगळे पलटी म्हणत. भिवंडीहून कोनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला कांजी लावायच्या कारखान्याच्या, भिंतीला टेकून पत्र्याचं पार्लर होतं. आत चार मशीन, त्यातलं एक कायमचं बंद. मारामारीच्या गेममधले सगळे राउंड संपवून शेवटच्या मास्टरला, म्हणजे राउंडच्या टोकाशी येणाऱ्या सगळ्यांत दांडग्या शत्रूला, मारलं की गेम फिरून पहिल्या राउंडवर येई. त्याला आमच्याकडे ‘पलटी’ म्हणतात. बाकीचे तिसऱ्या राउंडला पोचले तरी गल्लीभर सांगत फिरत. हा एका कॉइनमध्ये पलटी करायचा, आणि करताना पडद्याकडे धड बघायचाही नाही. मान वळवून मागे जमलेल्या गर्दीकडे बघायचा. त्या नजरेत जी तुच्छता होती, तशी मी नंतर फक्त बँकेच्या खिडकीपलीकडे पाहिली.

वय असेल चोवीस-पंचवीस. एका लूमच्या शेडमध्ये तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचा. त्यामुळे त्याच्या शिव्याही लूमच्याच. कुणाचा हात बटणावर अडखळला की म्हणायचा, “बोटं हायत का कांड्या?” कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. हरून तोंड पाडणाऱ्याला सांगायचा, “लाइफ गेली, जीव न्हाय गेला. बाजूला हो.” आणि नुसतं बघत उभे राहणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. “दुसऱ्याच्या लग्नात जेवायला आल्यासारखे उभे ऱ्हाता. लाज न्हाय वाटत?” आश्चर्य म्हणजे हे ऐकायला लोक पुन्हा यायचे. मी त्या बघणाऱ्यांतलाच. अकरावीला नुकताच गेलो होतो. वर्गात इंग्रजीच्या तासाला काही कळत नसे. पार्लरमध्ये निदान न कळण्यासारखं काही नव्हतं. मी कॉलेजला जातो हे समजल्यापासून त्यानं माझं नावच ‘कॉलेज’ ठेवलं. “ए कॉलेज, सावली सोड.”

वस्तीतल्या मोठ्या माणसांना तो डोळ्यांसमोर नको असे. आई म्हणायची, त्या पलटीच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. मला वाटतं, तो वाया गेलेला आहे याबद्दल सगळ्या वस्तीचं जेवढं एकमत होतं, तेवढं नळाच्या वेळेबद्दलही नव्हतं.

मग एक गंमत झाली. गंमत म्हणणं बरोबर नाही. पार्लरमधले तिन्ही गेम त्याचे पलटी झाले आणि त्यानं खेळणंच सोडलं. येत रोज होता. मशीनला पाठ लावून उभा राहायचा, कॉइन टाकायचा नाही. गल्ल्यावर बसणारे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी विचारलं, “क्यूँ मियाँ, जी भर गया?” तर म्हणाला, “चाचा, पलटी हो गया तो गेम मर गया. अब मुर्दे को क्या मारना.” महिनाभर हे चाललं. मला आठवतं, त्या दिवसांत तो कुणाला शिव्याही देत नव्हता, आणि पार्लर ओस पडल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी लूम बंद असत. चाचा जुम्म्याची नमाज पढून आले की तीनच्या सुमारास पार्लर उघडे. अशाच एका शुक्रवारी रामसुमेर नावाच्या उत्तरेकडच्या कारागिरानं त्याला साधा प्रश्न विचारला. शेवटचा मास्टर मेल्यावर पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येतात, दहा-बारा सेकंद राहतात आणि जातात. “भैया, आप इतनी बार देखे हो। उसमें लिखा क्या है?”

पलटीनं त्या ओळी कधी वाचल्याच नव्हत्या. त्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मग त्यानं मला मानगुटीला धरून मशीनसमोर उभं केलं, महिन्यानंतर पहिला कॉइन टाकला आणि अर्धा तास खेळून त्या चार ओळी माझ्यासमोर आणल्या. मी पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला, तेवढ्यात ओळी गेल्या. मी चाचरत म्हणालो, “अभिनंदन केलंय बहुतेक.”

“बहुतेक?” तो म्हणाला. “बापाला बहुतेक पास झालो म्हनून सांगतोस काय?”

त्या दिवशी त्यानं ठरवलं, एकेकानं एकेक ओळ उतरवून घ्यायची. पहिली रामसुमेर, दुसरी मी, तिसरी दिघाशी गावचा पांडू, चौथी खुद्द चाचा. पांडू बीम, म्हणजे लूमवर चढवायचे सुताचे जड रूळ, उचलायच्या हमालीवर होता, शाळा दुसरीत सुटलेली. पलटी खेळायचा, शेवटचा मास्टर पडायचा, आणि आम्ही चौघं कागदावर तुटून पडायचो. एका बैठकीत काम झालं नाही. तीन शुक्रवार लागले. दुसऱ्या शुक्रवारी ऐन शेवटच्या मास्टरला लाइट गेली, तेव्हा पलटी वीज खात्याच्या सात पिढ्यांबद्दल जे बोलला ते वार्षिकांकात छापता येणार नाही. सगळ्यांत बिनचूक ओळ पांडूची निघाली. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यानं दिसलं तसं काढलं. मला ‘येत’ होतं, म्हणून मी मनानंच एक शब्द खाल्ला.

शेवटी जुळलेला मजकूर असा: यू आर विन. ऑल मास्टर इज डाय. पीस इज कम टू वर्ल्ड. नाऊ यू गो फर्स्ट स्टेज अगेन. मी अर्थ सांगितला. तू जिंकलास, सगळे मास्टर मेले, जगात शांतता आली, आता पुन्हा पहिल्या राउंडला जा. रामसुमेर म्हणाला, “बस? इतना ही?” सगळे हसले. पलटी हसला नाही. कागद घडी करून खिशात घातला आणि मला बाहेर घेऊन गेला.

सायझिंगच्या भिंतीशी कांजीचा वास येत होता. तिथे त्यानं मला सांगितलं, की तो तीनदा दहावीला बसलाय. बाकी सगळे विषय सुटले, गणितात तर अठ्ठावन्न. इंग्रजीत एकोणतीस, सव्वीस, पुन्हा एकोणतीस. पास असता तर आयटीआयला जाऊन वायरमन झाला असता. “पस्तीसचा मास्टर हाय. तिथंच लाइफ संपते,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “शिकवशील?”

मी हो म्हणालो. अकरावीत गेलो म्हणजे आपल्याला इंग्रजी येतं, असं समजणारा मी एक गाढव होतो. पण मला वस्तीत कुणी कधी काही शिकवायला सांगितलं नव्हतं.

दर शुक्रवारी बंद पडलेल्या मशीनच्या मागच्या प्लायवूडवर मी खडूनं लिहायचो. पहिल्यांदा एकटा पलटी होता. मग रामसुमेर बसला, कारण त्याला पाकिटावर पत्ता लिहिता यायला हवा होता. पांडू आला, दोन कांडीवाले आले. चाचा गल्ल्यावरून कान देत. पलटीनं नियम केला, की तिसऱ्या राउंडच्या मास्टरला मारायची युक्ती ज्याला हवी, त्यानं आधी पाच शब्दांचं स्पेलिंग सांगायचं. एका मास्टरला मारण्यासाठी लोकांनी जी स्पेलिंगं पाठ केली, ती शाळेत छडीच्या भीतीनंही केली नसती. चुकलेल्याला पलटी सोडत नसे. “हे स्पेलिंग हाय का सुताचा गुंता?” तो पुन्हा शिव्या देऊ लागला आणि पार्लर पुन्हा भरलं. मला त्या वर्षात एवढंच कळलं, की जिंकून झालेल्या माणसाला दुसरा गेम नको असतो, शिव्या द्यायला माणसं हवी असतात.

आता माझ्या चुकीबद्दल. नमुन्याची वाक्यं म्हणून मी त्या चार ओळी सगळ्यांकडून पाठ करून घेतल्या होत्या. एवढ्या मोठ्या मशीनच्या पडद्यावर परदेशातून आलेलं इंग्रजी, म्हणजे बरोबरच असणार, असं मी धरून चाललो होतो. माझं स्वतःचं इंग्रजी जिथे त्या ओळींशी जुळत नसे, तिथे मी स्वतःचंच चूक ठरवी.

ऑक्टोबरच्या परीक्षेला पलटी बसला. फॉर्म मीच भरला होता. पेपर देऊन तो सरळ पार्लरमध्ये आला आणि गल्ल्याला टेकून उभा राहिला. निबंध आला होता आवडत्या खेळावर. “कॉलेज, शेवटाला चारी ओळी ठोकल्या,” तो म्हणाला. “तपासनारा उठून उभा ऱ्हाईल.” चाचांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात मी तो मजकूर आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी दाखवला. सरांनी विचारलं, “हे कुणी लिहिलंय? एका ओळीत तरी क्रियापद धड आहे का?” आणि लाल पेनानं चारही ओळी दुरुस्त करून दिल्या. कागदावर काळ्यापेक्षा लाल जास्त होतं. तो कागद मी पुस्तकात लपवला. पलटीला सांगितलं नाही. निकाल लागेपर्यंतचे सगळे शुक्रवार मी त्याच्यासमोर उभा राहून शिकवत होतो आणि सांगत नव्हतो.

निकाल लागला. एकतीस.

मग सांगितलं. भिंतीशीच, त्याच जागी. लाल कागद त्याच्या हातात दिला. त्यानं एकेका ओळीवर बोट ठेवून बघितला. मला वाटलं मारेल.

“म्हंजे गेम बनवनारा पन इंग्लिशमध्ये नापास?”

“हो, दादा.”

“आनि त्याला मशीन बनवू दिली?”

मी मान डोलावली.

“मग मला वायर जोडू द्यायला यांच्या बापाचं काय जातं?” तो म्हणाला. मग कागद परत दिला नाही. जाताना एवढंच म्हणाला, “तुझी चूक न्हाय रं. पडद्यावर आलं म्हनून खरं मानलं, ते मी.”

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच सुमारास त्याच्या शेडचे लूम मालकानं भंगारात काढले, आणि तो सिल्वासाकडे कुठल्याशा कारखान्यात गेला, एवढंच चाचांकडून कळलं. पांडूही त्याच्या मागून गेला. रामसुमेर गावी गेला. त्याचं एक पत्र चाचांना आलं, पत्ता इंग्रजीत होता आणि बिनचूक होता. पुढे चाचांनी मशीन विकली. पार्लरच्या जागी आता मोबिल ऑइलचं दुकान आहे. शुक्रवारी मी त्या बाजूनं जायचं टाळतो. चार मार्कांनी गेलेला माणूस मी मोजून ठेवला होता: निबंधाच्या शेवटच्या चार ओळी, चार मार्क. हा हिशेब कदाचित खोटाही असेल, पण मला दुसरा सुचला नाही. म्हणून वर म्हटलं, मी लिहावं का, याची शंका आहे.

गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो होतो. त्यांचे गुडघे दुखतात. तिथे पांडू भेटला, बायको-पोराला घेऊन आलेला. मी ओळखलं नाही, त्यानंच हाक मारली, “कॉलेज!” चार वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी विचारण्याआधीच त्यानं सांगितलं. पलटी आणखी दोनदा बसला. दुसऱ्यांदा सुटला. छत्तीस मार्क. पस्तीसचा मास्टर, न् वर एक लाथ, असं तो स्वतःच सांगतो म्हणे. आयटीआयचं जमलं नाही, पण कारखान्यानं त्याला वायरमनच्या हाताखाली घेतलंय.

“न् सुट्टीच्या दिशी पोरांना बसवतो,” पांडू म्हणाला. “कारखान्याच्या खोलीवर. तुझा तो लाल कागद भितीला लावलाय. नवा मानूस आला का पयले त्या चार ओली दाखवतो न् इचारतो, यात चूक काय ती सांग. ज्याला न्हाय आलं त्याला काय काय बोलतो, तुला ठावं हाय.”

मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही बोलतो का.

पांडूनं पोराला पाण्यातून वर घेतलं, टॉवेलनं त्याचं डोकं पुसलं. “लोक त्याला इचारतान, इंग्लिश कुठं शिकला? तर सांगतो, भिवंडीला माझं एक कॉलेज होतं.” पांडूनं पोराला खाली ठेवलं. मग पलटीसारखी मान वळवून, पलटीच्याच आवाजात म्हणाला, “चुकीचं शिकवायचं. पन होतं.”