एइसाकूच्या भांड्याचं झाकण

फुमिएने तोफूचं दुकान बंद ठेवलं, ते अडतीस वर्षांत चौथ्यांदा. आधीच्या तीन वेळा म्हणजे दोन बाळंतपणं आणि सासूचं मरण.

दर शरदात तिचा नवरा एइसाकू दहा दिवस कान्नावाच्या गरम झऱ्यांवर कंबर शेकायला जायचा, एकटाच. दुकान कोण बघणार, म्हणून फुमिए मागे. परत यायचा तो गाल लाल करून, आणि तोंडात एकच जप: आमच्या तोयोनोबाई असं म्हणतात, तोयोनोबाईंकडे असं नसतं. यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी झऱ्याचं पाणी बंद केलं.

"तुमचं तिथलं भांडं आणते मी," फुमिए म्हणाली.

"नको," तो इतक्या चटकन म्हणाला, की तिने सकाळची पहिली गाडीच पकडली.

कान्नावाच्या धर्मशाळांत नेहमीच्या माणसांची स्वयंपाकाची भांडी फळीवर नाव घालून ठेवलेली असतात. भांडं नेलं, की त्या माणसाने जागा सोडली. फुमिएला नेमकं तेच करायचं होतं.

बस चढाला लागली तशी गटारांतून, घरांच्या भिंतींतून वाफा निघायला लागल्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती दारांतल्या बायकांची वयं बघत होती.

धर्मशाळेच्या मालकीण तोयोनोबाई दारात आल्या त्या काठी टेकत. ऐंशी उलटलेल्या, तोंडात मोजून चार दात. फुमिएचा निम्मा मत्सर तिथेच विरला, आणि उरलेल्याला कुठे बसावं कळेना.

"एइसाकूची बायको ना तू? ये गं. डोळा कसा आहे त्याचा? आमचे तर यंदा हाल चाललेत."

"का बरं?"

"अगं, सकाळची अंडी कोण करणार?"

फुमिएला वाटलं, म्हातारी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. घरी एइसाकू स्वतःचा चहासुद्धा ओतून घेत नसे. 'मला नाही जमत,' म्हणायचा, आणि कप पुढे सरकवायचा.

अंगणात दगडी चुली होत्या. 'नरकाच्या चुली' म्हणायचे त्यांना. जमिनीतली वाफ त्यांतून फुसफुसत वर यायची. कोकुराहून आलेल्या एक बाई रताळी ठेवत होत्या.

"एइसाकूभाऊंच्या घरच्या का तुम्ही? नशीबवान हो! पाचला उठून बारा जणांचं चावानमुशी करतात. अंड्याचं, वाफवलेलं, खरवसासारखं थरथरतं. आमच्या ह्यांना शिकवा म्हटलं, तर तुमचे हसतात नुसते."

"हसतात?"

"भारी हसरा माणूस."

अडतीस वर्षं पहाटे तीनला उठून सोयाबीन दळणारी फुमिए. तिच्या वाट्याला आला होता कंबर धरलेला, कण्हणारा माणूस. हसरा माणूस हे बारा जण वाटून घेत होते.

फळीवरून तोयोनोबाईंनी भांडं काढलं. झाकणाला एक फडकं बांधलं होतं, वाफेचं पाणी अंड्यांवर ठिबकू नये म्हणून. फडक्यावर निळ्या अक्षरांत फुमिएच्याच दुकानाचं नाव. नऊ वर्षांपूर्वी हेच फडकं हरवलं म्हणून तिने सुनेला बोल लावला होता.

"थांब, खाऊन जा," म्हातारी म्हणाली. "अंडी आहेत. झाकण जरा तिरपं ठेव, मधे एक काडी घाल. नाहीतर जाळी पडते. तोच सांगतो सगळ्यांना."

नवऱ्याच्या भांड्यात, नवऱ्याच्या रीतीने फुमिएने अंडी वाफवली. एकटीनेच खाल्ली. चांगली झाली होती, म्हणून आणखीच राग आला.

मग तिने भांडं धुतलं, पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. झाकण मात्र फडक्यासकट पिशवीत घातलं.

"अगं, झाकणाशिवाय भांडं काय कामाचं?"

"पुढच्या वर्षी घेऊन येतील की. तोवर घरी लागणार आहे."

कोकुराच्या बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

संध्याकाळी एइसाकू डोळ्यावर पट्टी लावून टेबलाशी बसला होता. तिने झाकण त्याच्यापुढे ठेवलं. उघड्या डोळ्याने त्याने फडक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याचे गाल लाल झाले. कान्नावाहून येताना व्हायचे तसेच.

"तोयोनोबाई काही म्हणाल्या?"

"खूप."

त्याने कप पुढे सरकवला. फुमिए हलली नाही. शेवटी त्याने तो मागे ओढला आणि उठताना विचारलं, "अंडी किती आहेत घरात?"