सिद्राममामांची जीभ

सिद्राममामा नव्या बागेच्या कामाला आले की जमिनीकडे बघत नसत, आधी पाणी मागत. घोट तोंडात घेऊन डोळे मिटत, गालांत फिरवत, आणि मग एक तर गिळत, नाही तर थुंकत. थुंकला तर त्या घरी लिंबू, गुलाब, हिरवळ यांतलं काही लावायचं नाही. आमच्या समोरच्या बंगल्यात त्यांनी घोट थुंकला आणि मालकांना म्हणाले, “बोगनवेल लावा नि गप बसा की.”

मूळचे ते मंगळवेढ्याकडचे. सोलापुरात बंगल्यांच्या बागा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. विजापूर रोडला आम्ही घर बांधलं तेव्हा मी त्यांना बोलावलं. पुण्याच्या मेव्हण्याकडे होती तशी हिरवळ मला हवी होती, कडेने गुलाब आणि कोपऱ्यात लिंबू. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे हे मला ठाऊक होतं. बादल्यांना आतून पांढरा थर धरायचा.

मामांनी पाणी मागितलं, तेव्हा वीज गेलेली होती, बोअरचा पंप बंद होता. मी स्वयंपाकघरात गेलो आणि माठातलं महापालिकेच्या नळाचं पाणी तांब्यात घेऊन आलो.

“गार हाय,” मामा म्हणाले. “बोअरचंच न्हवं?”

“हो. बोअरचंच माठात भरून ठेवतो.”

त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि गिळला. “लई गोड पानी हाय, साहेब. नशीबवान हायसा.”

मग पुढचे तीन दिवस त्यांनी कुदळीला हात लावला नाही. पालथ्या घमेल्यावर बसून सावली कुठून कुठे सरकते ते बघत आणि तासातासाने जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारत. मी घाई केली तर म्हणाले, “झाडाची जागा आपण न्हाय ठरवायची, सावलीनं ठरवायची. घाई आसंल तर प्लास्टिकची आणा, उद्याच फुलत्यात.” चैत्रात खड्डे खणले आणि वैशाखभर उघडे ठेवले. खड्ड्याला ऊन खाऊ द्यायचं, हा त्यांचा नियम. माझी बायको वैशाली म्हणाली, “मामा, एखाद्या दिवशी आमचे हेच पडतील खड्ड्यात.” मामा म्हणाले, “पडू द्या की, वैनी. उन्हानं कीड मरती.” आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

पहिल्या पावसात झाडं लावली आणि पावसाळाभर बाग सुरेख होती. लोक फाटकाशी थांबून बघायचे. पाऊस संपला, बोअरचं पाणी सुरू झालं, आणि संक्रांतीनंतर गुलाबाच्या पानांच्या कडा जळू लागल्या. लिंबाची पानं गळाली. हिरवळीत पांढुरके डाग पडले. मामा बोलावलं नसतानाही दर आठवड्याला येत. माती बोटांनी चुरत, पानं उलटून बघत. एक दिवस ते सरळ बोअरच्या तोटीशी गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडात घालताच थुंकलं.

“हे तर खारं हाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग त्या दिशी मला गोड कसं लागलं?”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी बोललोही. म्हणालो, “वय झालं, मामा. होतं असं.”

त्यांनी तोटी बंद केली. मग हळूच म्हणाले, “व्हय. जीभ गेली म्हणायची.” टोपी काढून घाम पुसला आणि गेले.

पुढे वर्षभराने कॉलनीतल्या एका बाईंनी सांगितलं की, त्यांनी बागेसाठी मामांना निरोप धाडला होता, पण मामांनी नकार दिला. “माझी जीभ गेली, दुसरा मानूस बघा,” असा उलटा निरोप आला. मामांनी काम सोडलं होतं आणि ते मोहोळला लेकीकडे राहायला गेले होते. पुढच्या रविवारी मी एसटीने मोहोळला गेलो.

मामा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मला बघून खरोखर आनंदले. लेकीला हाक मारून म्हणाले, “साहेब आल्यात, च्या टाक.” चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. माठ, तांब्या, खोटं आणि तोटीपाशी बोललेलं वाक्य. त्यांचे हात थांबले.

“साहेब,” ते म्हणाले, “वरीसभर मी आमटीतलं मीठ बी लेकीला इचारून घेतोय.”

“चूक झाली, मामा.”

“चूक मानसाकडनं नकळत हुती. ही तुमी माठातनं भरून आनली.” आवाज चढला नव्हता. “खारं हाय म्हनला आसता, तर खाऱ्या पान्यावरची बाग लावली आसती की मी. ती बी येती मला.”

हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर मामा बोगनवेलीवर बोळवण करून निघून जातील.

लेकीने चहा आणला. मामांनी कप माझ्याकडे सरकवला, स्वतःचा घेतला नाही. मी तो कसाबसा संपवला आणि उठलो. “कॉलनीत मी सगळ्यांना खरं काय ते सांगेन,” म्हणालो. त्यांनी पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

“येतो, मामा,” मी म्हणालो.

आपल्याकडे ‘येतो’ म्हटलं की दारातला माणूस ‘या’ म्हणतो. वैऱ्यालाही म्हणतो. मी पायरीवर थोडा थांबलो. मागून शेंगा फुटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.