काळे गोल

नातीनं रंगाची बाटली उघडली आणि खोलीभर जवसाच्या तेलाचा वास पसरला. मला मंठ्याजवळच्या आमच्या गावात आलेला तो चित्रकार आठवला.

निजामाची शेवटची वर्षं. लेव्हीसाठी सरकारी माणसं ज्वारी उचलून न्यायची, म्हणून जो तो आपलं पेव, जमिनीतला धान्याचा खड्डा, लपवून ठेवायचा. आमचं गोठ्यात, बैलांच्या पायाखाली होतं. अशात हा विलायतेत शिकलेला माणूस बहिणीकडे राहायला आला. तिकडच्यासारखं कापड ताणून, आपला गेरू जवसाच्या तेलात कालवून तो पारावर चित्र काढायचा. ना माणूस, ना झाड. तांबड्यावर नुसते काळे गोल.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "हे काय काढून राह्यलात?"

"काही नाही, काका. नुसते रंग."

"मंग हा कोपऱ्यातला गोल पुसा. आमच्या गोठ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

घरी येऊन त्यांनी आईकडंही संशयानं पाहिलं. ती त्या चित्रकाराला ताक द्यायची. दुपारी गावातले रहीमचाचा त्याच्याकडे जाऊन आले. "विहिरीजवळचा गोल तेवढा जल्दी पुसा," म्हणाले. मग शेजारच्या काकूंनी तुळशीमागचा पुसायला लावला.

संध्याकाळी कापडावर एकही गोल उरला नव्हता, आणि गावातली सगळी पेवं त्याला कळली होती.

"आजी, यात तुला काय दिसतं?" नात विचारते. तिच्या कागदावर एक काळा ठिपका आहे.

"काही न्हाई," मी म्हणते.